रोज नव्याने जन्मणाऱ्या यंत्राशी एसएसएच

ब्राउझरमध्ये उघडणारा एडिटर तसा वाईट नव्हता. आमच्या टीमने डेव्हलपमेंट क्लाउड वर्कस्पेसवर, म्हणजे सेवेने दूर उभ्या केलेल्या यंत्रावर, हलवायचं ठरवलं तेव्हा तो आयताच मिळाला: लिंक उघडा, कोड समोर. पण टर्मिनलमध्ये एक शब्द खोडायला सवयीने कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की ब्राउझर इमानेइतबारे अख्खा टॅबच बंद करायचा. बोटांची सवय बदलण्याच्या फंदात मी पडले नाही. लॅपटॉपवरचा व्हीएस कोड हा एडिटर तसाच ठेवायचा आणि एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉगिन करायच्या पद्धतीने, तो वर्कस्पेसला जोडायचा, असं ठरवलं.

वरवर पाहता हे कॉन्फिग फाइलमधल्या चार ओळींचं काम आहे, आणि त्या चार ओळी लिहून झाल्याही लगेच. त्यानंतर जे काही निस्तरावं लागलं ते जवळपास सगळं एकाच गोष्टीतून आलेलं होतं. एसएसएच असं धरून चालतं की पलीकडचं यंत्र कालचंच आहे. क्लाउड वर्कस्पेस मात्र टाकून देण्यासाठीच बनवलेलं असतं. संध्याकाळी थांबतं, सकाळी इमेजवरून, म्हणजे तयार साच्यावरून, पुन्हा उभं राहतं, आणि होम डिरेक्टरी सोडली तर त्यात कालचं काही उरलेलं नसतं.

एसएसएचचा यात दोष नाही. तातू यलनेन यांनी १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात ते लिहिलं, ते नेटवर्कवरून उघडे जाणारे पासवर्ड कोणीतरी टिपून घेतल्यानंतर. टेलनेट आणि आरलॉगिन या दूरच्या यंत्रावर लॉगिन करायच्या जुन्या पद्धतींची जागा घेणं हा त्याचा हेतू होता. पोर्टसुद्धा एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्या मधला, २२. त्या काळी यंत्राला नाव असायचं, ते खोलीच्या एका कोपऱ्यात वर्षानुवर्षं असायचं, आणि त्याची ओळख बदलली तर खरोखरच काहीतरी भानगड असायची.

की, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची गुप्त आणि पब्लिक अशी किल्ल्यांची जोडी, बनवण्याचा भाग पटकन उरकतो. ईडी२५५१९ प्रकारची की ओपनएसएसएच या एसएसएचच्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये ६.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे, आणि ९.५ पासून तर प्रकार न सांगता की मागितली तरी तीच मिळते. पासफ्रेज दिली, ती की एजंटमध्ये (की उघडून हाताशी ठेवणारा लॅपटॉपवरचा प्रोग्राम) घातली, पब्लिक की वर्कस्पेसच्या पोर्टलवर चिकटवली. एक गोष्ट तेवढी लक्षात ठेवायची. एजंटमध्ये बऱ्याच की जमलेल्या असतील तर एसएसएच त्या एकामागून एक पुढे करत जातं, आणि सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये एका कनेक्शनला सहाच प्रयत्न देतो. योग्य की सातव्या क्रमांकावर असली तर दार बंद. त्यामुळे कॉन्फिगमधल्या होस्टच्या, म्हणजे पलीकडच्या यंत्राच्या, नोंदीत आयडेंटिटीफाइल लिहून त्याखाली आयडेंटिटीजओन्ली 'येस' केलं, म्हणजे सांगितलेलीच की पुढे जाते.

खरी मौज प्रॉक्सीकमांड या सेटिंगपासून सुरू होते. वर्कस्पेसला जाहीर आयपी पत्ता नसतो, २२ नंबरचा पोर्ट इंटरनेटवर उघडा नसतो, आणि ते योग्यच आहे. त्याऐवजी क्लाउड सेवेचा एक छोटा कमांडलाइन प्रोग्राम लॅपटॉपवर बसवायचा. एसएसएच स्वतः कुठेही जोडायला जात नाही. ते हा प्रोग्राम सुरू करतं आणि त्याच्या इनपुट-आउटपुटलाच कनेक्शन समजून बोलायला लागतं. प्रोग्राम आपला टोकन, म्हणजे सेवेच्या लॉगिनचा मुदतीचा परवाना, दाखवून एचटीटीपीएसवरून बोगदा काढतो आणि पलीकडच्या एसएसएच सर्व्हरपर्यंत बाइट पोहोचवतो. म्हणजे कॉन्फिगमधलं होस्टनेम हे इथे पत्ता राहतच नाही. ती नुसती एक चिठ्ठी असते, प्रोग्रामला कुठलं वर्कस्पेस हवंय ते सांगणारी.

या रचनेचा एक परिणाम सुरुवातीला ध्यानात येत नाही. लॉगिन दोन आहेत: एक सेवेचं, टोकनवालं, आणि दुसरं एसएसएचचं, कीवालं. टोकनची मुदत संपली की तो प्रोग्राम मुकाट्याने मान टाकतो, आणि एसएसएच म्हणतं की पलीकडून कनेक्शन तोडलं. एडिटर तर त्याहून कमी बोलतो. त्याच्याकडे एकच वाक्य असतं, कनेक्शन होऊ शकलं नाही, आणि खाली 'पुन्हा प्रयत्न करा'चं बटण. ते बटण दाबत बसण्यात काही अर्थ नसतो. कीवर संशय घ्यावा तर की बरोबर असते, कॉन्फिगवर घ्यावा तर कॉन्फिगही बरोबर असतं.

म्हणून मी एक क्रम पाळते. एडिटर बंद. साध्या टर्मिनलमधून एसएसएच. ते चालत नसेल तर 'व्ही' हा पर्याय तीनदा देऊन पुन्हा, म्हणजे प्रत्येक पायरी छापून येते आणि गाडी नेमकी कुठे अडली ते दिसतं. प्रॉक्सीकमांड सुरू झाल्यावर समोरून आवृत्तीची ओळ आलीच नाही, तर भांडण टोकनचं किंवा बोगद्याचं. की पुढे केल्यावर नकार आला, तर ते कीचं. आणि कॉन्फिगबद्दल शंका असेल तर मोठ्या 'जी'चा पर्याय: एसएसएच कुठेही न जोडता, त्या होस्टसाठी शेवटी कुठली सेटिंग लागू होतात ती सगळी यादी समोर ठेवतं. हा पर्याय फारसा कोणी सांगत नाही, पण निम्मा गोंधळ तिथेच सुटतो. कारण एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये एखाद्या सेटिंगची पहिल्यांदा सापडलेली किंमत धरली जाते, शेवटची नाही. बहुतेक कॉन्फिगमध्ये खालची ओळ वरच्या ओळीवर मात करते, इथे उलट. तारांकित होस्टचा, म्हणजे सगळ्या यंत्रांना लागू होणारा, सर्वसाधारण भाग फाइलच्या माथ्यावर असला तर खालच्या खास नोंदी लिहूनही न लिहिल्यासारख्याच. सेवेचे प्रोग्राम आपली नोंद आपोआप फाइलमध्ये टाकून देतात, बहुधा तळाशी, तेव्हा हे हमखास घडतं.

टर्मिनल चालू झालं म्हणजे एडिटर चालेलच, असंही नाही. एडिटरची चाल वेगळी असते. व्हीएस कोड एसएसएचवरून एक स्क्रिप्ट पाठवतो. ती स्क्रिप्ट पलीकडच्या होम डिरेक्टरीत लपलेल्या फोल्डरमध्ये एडिटरचा सर्व्हर उतरवते, तो सुरू करते, तो कुठल्या पोर्टवर ऐकतोय ते छापते, आणि मग एडिटर एसएसएचच्याच बोगद्यातून त्याच्याशी बोलतो. खिडकी आणि रंगसंगती इकडे. फाइली, शोध, डीबगर आणि भाषेची समज असणारी एक्स्टेन्शन्स तिकडे. त्यामुळे एसएसएच सर्व्हरवर टीसीपी फॉरवर्डिंग, म्हणजे असा बोगदा काढू देण्याची परवानगी, बंद ठेवलं असेल तर टर्मिनल झकास चालतं आणि एडिटर ढिम्म हलत नाही.

आमच्याकडे तो हलला नाही तो मात्र वेगळ्याच कारणाने. टीमच्या सामायिक डॉटफाइल्समध्ये (टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइली) बॅशआरसीच्या, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा बॅश सुरू होताना वाचतो त्या फाइलीच्या, सुरुवातीलाच टर्मिनलचं सत्र जपणारा टीमक्स हा प्रोग्राम सुरू करणारी ओळ होती. माणसासाठी ती सोय आहे, आत शिरताच कालचं सत्र समोर. पण एडिटरची स्क्रिप्टही त्याच वाटेने जात होती. बॅशला आपण एसएसएचकडून सुरू झालो आहोत असं वाटलं की नुसती एक कमांड चालवायची असली तरी ते बॅशआरसी वाचतं. स्क्रिप्ट आत गेली, टीमक्समध्ये अडकली, आणि एडिटर उत्तराची वाट बघत राहिला. अशा दुखण्याची चाचणी एकदम साधी आहे. एसएसएचने 'ट्रू' ही कमांड पलीकडे चालवायची. ही कमांड काहीच करत नाही, तेव्हा पडद्यावरही काहीच यायला नको. स्वागताचा संदेश, एखादं सुभाषित, डिस्कची टक्केवारी, असं एक अक्षर जरी छापून आलं तरी ती ओळ शोधून काढायची.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत बॅशआरसीच्या वरच्या बाजूला एक पहारा असतोच: सत्र माणसाचं नसेल तर इथूनच परत फिर. आम्ही टीमक्सची ओळ त्या पहाऱ्याच्या खाली नेली आणि पाथ, म्हणजे कमांड कुठे शोधायच्या ती यादी, ठरवणाऱ्या ओळी वर आणल्या. दुसरा भागही तितकाच गरजेचा होता, कारण जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची आवृत्ती निवडणारं हत्यार पहाऱ्याखाली सुरू होत होतं. टर्मिनलमध्ये नोड सापडायचं, एसएसएचवरून सुटी कमांड पाठवली की नाही. हे समजायला पडद्यावर काही दिसत नाही. दोन्हीकडून पाथ छापून शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

आता ओळखीचा प्रश्न. पहिल्यांदा जोडताना एसएसएच यंत्राची होस्ट की दाखवतं, आपण 'येस' म्हणतो, आणि ती नोन-होस्ट्स नावाच्या फाइलीत नोंदली जाते. पुढच्या वेळी तीच की दिसली तर बिनबोभाट प्रवेश. वेगळी दिसली तर मोठ्या अक्षरांत इशारा, की यंत्राची ओळख बदलली आहे, मधे कोणीतरी कान देऊन बसलेलं असू शकतं. दारावरच्या जुन्या पहारेकऱ्यासारखं आहे हे: त्याला नाव विचारायचं नसतं, तो चेहरा ओळखतो. आणि वर्कस्पेस रोज नवा चेहरा घेऊन येतं. होस्ट की असते 'ईटीसी'खालच्या एसएसएचच्या फोल्डरमध्ये, तो भाग इमेजमधून येतो आणि वर्कस्पेस पुन्हा बांधलं की पुसला जातो. नवी की तयार होते, नाव तेच राहतं, आणि सकाळी सकाळी इशारा.

यावर सगळीकडे मिळणारा उपाय म्हणजे होस्ट कीची तपासणीच बंद करणं आणि नोन-होस्ट्सच्या जागी 'नल' उपकरणाचा पत्ता देणं, म्हणजे नोंद लिहिली तरी हवेत विरते. सेवांचे प्रोग्राम स्वतःहून जी नोंद टाकतात तीत अनेकदा हेच असतं. माझा पहिला कल नाक मुरडण्याचा होता, पण त्यामागचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. बोगदा एचटीटीपीएसचा आहे, त्याचं प्रमाणपत्र तपासलं गेलं आहे, आणि कुठलं वर्कस्पेस द्यायचं ते सेवा टोकन पाहून ठरवते. ओळख पटवायचं काम एका पायरीवर झालेलंच आहे. मात्र हे खरं तेवढ्याच नोंदीपुरतं. कोणीतरी कंटाळून त्या दोन ओळी तारांकित होस्टखाली टाकल्या की प्रत्यक्ष सर्व्हरसुद्धा बिनतपासणीचे होतात, तेही कायमचे आणि कुणाच्या लक्षात न येता. असं कॉन्फिग मी एकापेक्षा जास्त लॅपटॉपवर पाहिलं आहे.

मधला एक पर्याय आहे. कडक तपासणीच्या सेटिंगला 'ॲक्सेप्ट-न्यू' ही किंमत देता येते, ओपनएसएसएच ७.६ पासून, म्हणजे २०१७ पासून. नवं यंत्र असेल तर विचारल्याशिवाय नोंद करतं, जुन्याची की बदलली तर अडवतं. प्रत्येक वर्कस्पेसला नवं नाव मिळत असेल तिथे हे चपखल बसतं. आमच्याकडे नाव तेच राहायचं, त्यामुळे उपयोग नव्हता. इमेजमध्येच एक होस्ट की भाजून ठेवा, अशीही सूचना आली होती, म्हणजे सगळ्या वर्कस्पेसची ओळख एकच. ती मी हाणून पाडली. इमेज ज्याच्या हाती लागेल त्याच्याकडे सगळ्यांची गुप्त की, मग तपासणी न केलेलीच बरी; निदान खोटा भरवसा तरी राहत नाही.

नीटनेटका मार्ग प्रमाणपत्रांचा. एसएसएचची स्वतःची प्रमाणपत्रं असतात, २०१० पासून. वर्कस्पेस उभं राहताना नवी होस्ट की बनवतं, आपली अंतर्गत सही करणारी यंत्रणा तिच्यावर सही करते, आणि लॅपटॉपवरच्या नोन-होस्ट्समध्ये त्या सही करणाऱ्याची पब्लिक की ठेवणारी एकच ओळ असते. चेहरे रोज बदलोत, सही पटली की झालं. यासाठी सहीची की सांभाळणारं कोणीतरी लागतं, आणि आमच्या टीममध्ये ते काम अंगावर घ्यायला कोणी तयार नव्हतं. शेवटी होस्ट की टिकाऊ डिस्कवर ठेवली, प्रत्येक वर्कस्पेसची वेगळी, आणि सुरुवातीच्या स्क्रिप्टमधून एसएसएच सर्व्हरला तिचा पत्ता दिला. वर्कस्पेसच्या आत रूट, म्हणजे सर्वाधिकारी, झालेला माणूस ती वाचू शकतो हे खरं, पण त्या वर्कस्पेसमध्ये तो माणूस म्हणजे मीच असते.

टिकाऊ डिस्कचा विषय निघालाच आहे तर एडिटरचा सर्व्हरही तिथेच हवा. तो होममध्ये उतरतो, आमचं होम टिकाऊ आहे, त्यामुळे रोज नव्याने उतरवावा लागत नाही. पण लॅपटॉपवरचा एडिटर अद्ययावत झाला की पलीकडे जुळणारी नवी आवृत्ती उतरते, आणि जुन्यांची रास साचू शकते. डिस्क लहान असली तर एक दिवस फाइल सेव्ह होत नाही आणि कारण भलतीकडेच शोधलं जातं. पलीकडच्या यंत्राला इंटरनेट नसेल तर सर्व्हर लॅपटॉपवर उतरवून एसएसएचने पाठवायची सोय एडिटरच्या सेटिंगमध्ये आहे. आम्हाला तिची गरज पडली नाही.

वेगाबद्दल मला धास्ती होती, ती बरीचशी फोल ठरली. टाइप केलेलं अक्षर लॅपटॉपवरच उमटतं, कारण उघडलेली फाइल एडिटरच्या जवळ असते. सेव्ह, शोध आणि सूचना तेवढ्या पलीकडे जाऊन येतात. टर्मिनल मात्र प्रत्येक अक्षर पलीकडून उमटवून आणतं, तिथे अंतर जाणवतं. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दहा हजार किलोमीटरवरच्या डेटा सेंटरला जाऊन यायलाच १०० मिलिसेकंद, बाकी सगळं आदर्श असलं तरी. यावर कुठलंही सेटिंग नाही. वर्कस्पेस जवळच्या विभागात उभं करायचं, बस्स.

कनेक्शन जोडायला लागणारा वेळ मात्र वाचवता येतो. एसएसएच जोडताना ओळखदेख, किल्ल्यांची देवघेव आणि लॉगिन यांत बऱ्याच फेऱ्या होतात, आणि आमच्या बाबतीत त्याआधी बोगद्याच्या फेऱ्या. कंट्रोलमास्टर चालू केलं की पहिलं कनेक्शन उघडं राहतं आणि पुढची सगळी त्यातूनच जातात. दुसरं टर्मिनल तत्काळ उघडतं. त्यासाठी लागणाऱ्या सॉकेट फाइलचा पत्ता लहान ठेवावा लागतो. युनिक्स सॉकेटच्या पत्त्याला शंभर अक्षरांच्या थोड्या पुढेच मर्यादा आहे आणि वर्कस्पेसची नावं असतात लांबलचक. टक्का-मोठा-सी हे चिन्ह वापरलं की नावाऐवजी त्याचा ठरावीक लांबीचा हॅश, म्हणजे त्यातून काढलेला सांकेतिक मजकूर, येतो आणि प्रश्न मिटतो. विंडोजवरच्या सहकाऱ्यांना ही सोय नाही, तिथल्या ओपनएसएसएचमध्ये कंट्रोलमास्टर चालत नाही. त्यांनी त्या दोन ओळी गाळल्या.

पोर्ट फॉरवर्डिंगचं कौतुक करायलाच हवं. वर्कस्पेसमध्ये वेब सर्व्हर ३००० पोर्टवर सुरू केला की एडिटर ते ओळखून लॅपटॉपच्या पोर्टशी जोडून देतो. सर्व्हर फक्त आतल्या १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकत असला तरी चालतं, जगाला काही उघडं करावं लागत नाही. लॉगिन झाल्यावर 'लोकलहोस्ट'वर परत पाठवणाऱ्या सेवासुद्धा काही न बदलता चालल्या. ब्राउझरमधल्या एडिटरला यासाठी खास पत्ते आणि कुकीचे नखरे सांभाळावे लागत होते.

एजंट फॉरवर्डिंग, म्हणजे लॅपटॉपवरचा एजंट पलीकडून वापरू देणं, मी बंद ठेवलं आहे. कनेक्शन चालू असेपर्यंत पलीकडचा रूट माझ्या एजंटकडून हव्या त्या सह्या करून घेऊ शकतो. मघाशी मी म्हटलं की वर्कस्पेसमधला रूट मीच, पण त्या वर्कस्पेसखालचं यंत्र सेवेचं आहे, आणि लॅपटॉपवरच्या सगळ्या की तिथून वापरू द्यायला कारण काय? कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटसाठी सेवा एचटीटीपीएसचा मर्यादित टोकन देते, तो पुरतो. ज्यांना फॉरवर्डिंग लागतंच त्यांनी की एजंटमध्ये घालताना 'सी' पर्याय द्यावा, म्हणजे प्रत्येक वापराला लॅपटॉपवर परवानगी विचारली जाते.

सगळं बसल्यावर एक गंमत उरली होती आणि ती बिलात दिसली. वर्कस्पेस काही वेळ वापर नसला की थांबतं, आणि प्रॉक्सीकमांडमधला प्रोग्राम थांबलेलं वर्कस्पेस आपोआप सुरू करतो. दोन्ही सोयी छान. एडिटरही सोयीचा: कनेक्शन तुटलं की स्वतःहून पुन्हा जोडू पाहतो. तीन सोयी एकत्र आल्या की काय होतं? रात्री वर्कस्पेस थांबतं, त्यामुळे कनेक्शन तुटतं, उघडाच राहिलेला एडिटर पुन्हा जोडायला जातो, आणि प्रोग्राम वर्कस्पेस जागं करतो. पहाटेपर्यंत हाच खेळ. शिवाय जिवंत कनेक्शन म्हणजेच वापर असं सेवा धरत असेल, तर नुसत्या उघड्या खिडकीने यंत्र रात्रभर चालू राहतं. त्यात मी सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६० सेकंदांवर ठेवलेलं, म्हणजे कनेक्शन जिवंत ठेवण्याची तजवीज माझ्याच हातची.

आता कॉन्फिगमध्ये एकाच वर्कस्पेसच्या दोन नोंदी आहेत. एक जागं करणारी, ती मी सकाळी टर्मिनलमधून वापरते. दुसरीत प्रोग्रामला आपोआप सुरू न करण्याचा पर्याय दिला आहे, आणि एडिटरला फक्त तीच ठाऊक आहे. यंत्र थांबलेलं असेल तर एडिटर थोडा वेळ धडपडतो आणि गप्प बसतो. जागं व्हायला लागणारा वेळ एडिटरच्या कनेक्शनच्या मुदतीत बसत नसे, ती कटकटही यातच गेली. रात्रभर चालणारी लांब कामं मात्र वर्कस्पेसवर टाकणं मी सोडून दिलं आहे. टीमक्स तुटलेल्या कनेक्शनपासून वाचवतं. यंत्रच बंद झालं तर टीमक्सही त्याच्याबरोबर जातं. ती कामं आता बिल्ड सर्व्हरच्या रांगेत जातात.